नसलेल्या झाडांचा दाखला

अर्जुनरावांचं म्हणणं असं, की उन्हाळा जगात पहिल्यापासून आहे. त्याच्यावर पोट भरणारी माणसं तेवढी नवीन आली आहेत. हे म्हणणं ते रोज सकाळी साखरखेर्ड्याच्या बसस्टँडसमोर, पुंजाजीच्या टपरीवर मांडत. चहा पुंजाजीचा, विषय अर्जुनरावांचा आणि विरोध रंगरावांचा, अशी कामाची वाटणी कोणी न करताच होऊन गेली होती. रंगराव हे निवृत्त कृषी सहायक. नोकरीत असताना त्यांचं कोणी ऐकलं नाही, त्यामुळे निवृत्तीनंतर त्यांच्याकडे सल्ल्यांचा मोठाच साठा शिल्लक होता.

"हवामान बदलून राह्यलं, अर्जुनराव," रंगराव म्हणत. "जगातले मोठमोठे लोकं बैठका घेऊन राह्यले."

"कुठी घेऊन राह्यले? एशीत! अन् जातात कशानं? इमानानं! आमच्या आज्यानं बिना बैठकीचा उन्हाळा काढला, बाप्पा. हे सारं पैशाचं हाये. अन् जे हाये ते कागदावर हाये. कागदाचं मले नका सांगू, कागद मीच छापतो."

हे मात्र खरं होतं. टपरीला लागूनच त्यांचा छापखाना होता आणि दर जुलैत वृक्षारोपणाची हँडबिलं तिथंच छापली जात. अर्जुनराव सांगत, की मजकूर ठरलेला, मान्यवर ठरलेले, खड्डासुद्धा ठरलेला. तारीख तेवढी बदलावी लागते. झाड दर वर्षी नवं लागतं, कारण आदल्या वर्षीचं मेलेलं असतं. तसं ते मेलं नाही तर पुढच्या वर्षीचं हँडबिल जातं, म्हणून झाडांनी मरण्याबद्दल त्यांची वैयक्तिक तक्रार नव्हती. तक्रार होती ती वरून येणाऱ्या पैशाबद्दल. तो येतो कुठून, जातो कुठं आणि वाटेत कोणाकोणाची सावली दाट करतो, हे त्यांना कळत नव्हतं. आणि जे आपल्याला कळत नाही ते लबाडीचं असलंच पाहिजे, असा त्यांचा साधा हिशेब होता. गंमत म्हणजे हा हिशेब बरेचदा बरोबर निघे.

एप्रिलच्या एका सकाळी वाद फारच तापला. रंगराव म्हणाले, "तुमाले कोनी देत नाई म्हनून तुमी बोलता." हे शब्द अर्जुनरावांना लागले. ते बाकड्यावरून उठले, अर्धा चहा तसाच ठेवला आणि भर टपरीत म्हणाले, "ह्या हवेच्या पैशातला एक रुपया जरी माह्या गल्ल्यात आला ना, तर मी माही पाटी माह्या हातानं उतरवीन!"

पुंजाजीनं स्टोव्ह बारीक केला. कारण ती पाटी म्हणजे काय चीज आहे ते सगळ्यांना माहीत होतं. निळ्या पत्र्यावर पिवळी अक्षरं: 'प्रेरणा ऑफसेट', आणि खाली बारीक अक्षरांत 'लग्नपत्रिका, हँडबिल, कार्बन बिलबुक'. मुलगी जन्मली त्या वर्षी अर्जुनरावांनी ती रंगवून घेतली होती. प्रेरणा आता लग्न होऊन शेगावला असते, दिवाळीला आणि गावच्या जत्रेला येते. मधल्या दिवसांत दुकानाचं शटर उघडताना अर्जुनराव वर बघत आणि मग कुलपाला हात घालत. दसऱ्याला पाटी पुसायची ती त्यांनीच. बायको अन्नपूर्णाबाई एकदा ओलं फडकं घेऊन स्टुलावर चढल्या तर त्यांना खाली उतरवलं होतं. पोरीची फार आठवण येई त्यांना, आणि ते बोलून दाखवायची त्यांच्याकडे दुसरी सोय नव्हती.

आता या पाटीवर गंडांतर आलं ते कसं, ते ऐका.

छापखान्यात कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायला धम्मशीला नावाची हुशार मुलगी होती. आजकाल लोक मोबाइलवर दुकान शोधतात म्हणून तिनं छापखान्याचं नाव नकाशावर चढवलं होतं. पाटीवरचं सगळं तिथं मावेना. तेव्हा तिनं महत्त्वाचे शब्द उचलले आणि लिहिलं, 'प्रेरणा कार्बन ऑफसेट'. यात तिची काही चूक नव्हती. आपल्याकडे ऑफसेट म्हणजे छापखाना, आणि कार्बन म्हणजे बिलबुकात दोन पानांच्या मध्ये घालायचा तो काळा कागद. जगात या दोन शब्दांचा दुसरा संसार चालू आहे, हे साखरखेर्ड्यात कोणाला ठाऊक?

शपथेनंतर दोन-तीन दिवसांनी पुण्याहून फोन आला.

"नमस्कार सर, मी 'हरितवचन' कंपनीतून अनुपमा बोलतेय. तुम्ही कार्बन ऑफसेट करता ना?"

"करतो म्हणजे काय! आयुष्य गेलं त्यात," अर्जुनराव म्हणाले. पुण्याशी बोलताना ते शुद्ध बोलत. म्हणजे 'ले'च्या जागी 'ला' लावत आणि बाकीचं देवावर सोडत.

"आमच्या एका क्लायंटचं लग्न आहे. पाहुणे विमानानं येणार आहेत. त्यांचा सगळ्यांचा कार्बन आम्हाला ऑफसेट करायचाय."

अर्जुनरावांच्या डोक्यात चक्र फिरलं आणि लगेच थांबलंही. लग्न, पाहुणे, कार्बन: उघडच आहेराची वही! एक प्रत मुलाकडे, एक मुलीकडे, पुढं भांडण नको. आजवर कार्बन घालून हातानं लिहीत, आता छापील पाहिजे. पुण्याच्या लोकांची व्यवस्थित कामं असतात, असं त्यांना वाटलं.

"चारशे ट..." पलीकडून आवाज आला आणि रेंज गेली. ती साखरखेर्ड्यात अशीच जाते. परत आली तेव्हा अनुपमा विचारत होती, "होतील ना तुमच्याकडून?"

"चारशे? अर्ध्या दिवसाचं काम आहे."

"अर्ध्या दिवसात!" अनुपमाचा श्वासच अडकला. "सर, तुमच्याकडे प्लांट किती आहेत?"

"एकच. पण दणकट आहे. मूळचा जर्मन. आधी अकोल्याला होता, तिथून उचलून आणला ट्रकमध्ये."

"एवढा मोठा, आणि उचलून आणलेला जगला?"

"जगला? पळतो! फक्त पाण्याकडे लक्ष द्यावं लागतं. पाणी जास्त झालं की बिघडतो."

ऑफसेटच्या मशिनीत शाई आणि पाणी यांचा मेळ घालावा लागतो, तो मेळ चुकला की छपाई फिकी येते. अनुपमाला हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. ती जरा हळहळून म्हणाली, "देशी असता तर जास्त बरं झालं असतं."

"देशी टिकत नाही हो, ताई."

"बरं. फूटप्रिंट आम्ही काढून ठेवलेलाच आहे."

"फुटाचं प्रिंट म्हणजे फ्लेक्स. ते आम्ही करत नाही, ते पलीकडचा करतो."

"आणि सर, आम्हाला प्रूफ लागेल."

इथं अर्जुनराव ताठ बसले. "ताई, प्रूफ दाखवून सही घेतल्याशिवाय ह्या छापखान्यातून आजपर्यंत एक कागद बाहेर गेला नाही." अनुपमा नंतर आपल्या साहेबांना म्हणाली म्हणे, की इतका प्रामाणिक माणूस या क्षेत्रात पहिल्यांदाच भेटला.

अनुपमानं मजकूर पाठवला. धम्मशीलानं तो वाचून दाखवला: "'प्रमाणित करण्यात येते की, या शुभविवाहातील कार्बन ऑफसेट करण्यात आला आहे.' काका, म्हंजे काय हो?"

"म्हंजे पहिले कार्बन होता, आता ऑफसेट केला. नक्कल गेली, छपाई आली. हे सांगाची गरज नाई, पन पुन्याचे लोकं हायेत, सांगतात."

अर्जुनरावांनी जीव ओतून काम केलं. जाड कागद, सोनेरी वेलबुट्टी, कोपऱ्यात कलश. तळाशी सवयीप्रमाणे मुद्रकाचं नाव: प्रेरणा ऑफसेट, साखरखेर्डा. भाव सांगितला एका नगाला अठरा रुपये. अनुपमाला वाटलं, एका टनाला अठरा. तिनं भाव पाडायचा विचारही केला नाही, हे अर्जुनरावांना खटकलं. पण श्रीमंतांच्या लग्नात असं होतं. चारशे कागद एसटीच्या पार्सलनं गेले. पैसे खात्यात आले, त्याच दिवशी अन्नपूर्णाबाईंनी ते काढून घरी मोठा कूलर आणला, आणि जगात उन्हाळा वाढलेला नाही या मताचे अर्जुनराव रात्री त्याच्यासमोर बनियन काढून बसले.

पुढच्या आठवड्यात टपरीवर रंगराव पेपर घेऊन आले. ते नुसते आले नाहीत, नवरदेवासारखे आले. बाकड्यावर बसले, चष्मा पुसला आणि शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला लागले: "'पुण्यातील शाही विवाहाचा चारशे टन कार्बन बुलढाणा जिल्ह्यात जिरला. साखरखेर्डा येथील प्रेरणा ऑफसेट या संस्थेच्या झाडांनी हा धूर शोषून घेतला असून, पाहुण्यांना तशी सोनेरी प्रमाणपत्रं देण्यात आली. हवामान बदलाच्या लढाईत...'"

"काय शोषलं?" अर्जुनराव म्हणाले.

"धूर. तुमच्या झाडानं."

"माहं कोनतं झाड?"

"ते तुमाले माईत. पैसे तुमी घेतले."

मग रंगरावांनी सगळं समजावून सांगितलं. कार्बन म्हणजे धूर, ऑफसेट म्हणजे त्याची भरपाई. धूर पुण्यात काढायचा, झाड दुसरीकडे दाखवायचं आणि मधल्यानं पैसे खायचे. पाहुण्यांकडून एकेका टनाचे किती हजार घेतले तेही पेपरात होतं. तो आकडा ऐकून अर्जुनरावांचा अपमान दुहेरी झाला. एक तर हवेचा पैसा त्यांच्या गल्ल्यात आला, आणि दुसरं, तो अठराच्या भावानं आला.

पुंजाजीनं पातेल्यातून मान वर केली आणि पाटीकडे पाहिलं. सगळेच पाटीकडे पाहत होते.

"पैसे वापस करतो," अर्जुनराव म्हणाले. "एक रुपया ठेवत नाई." त्यांनी तिथूनच अनुपमाला फोन लावला, स्पीकरवर, म्हणजे गावाला कळावं. आपल्याकडे एकही झाड नाही, आपण छापणारी माणसं, हे त्यांनी तीनतीनदा सांगितलं.

"पण सर, ते आता परत नाही होणार. ते रिटायर झाले."

"कोण रिटायर झाले?"

"क्रेडिट्स, त्या चारशे टन भरपाईचे. एकदा रिटायर झाले की त्यांना परत घेता येत नाही."

"हे बरोबर हाये," रंगराव मान हलवून म्हणाले. "आमाले बी नाई घेत."

अनुपमा मुलगी चांगली होती. ती म्हणाली, "सर, झाडं नाहीत असा सरकारी दाखला पाठवा. मग मी वर बोलते."

अर्जुनराव दाखला आणायला तालुक्याला गेले. तिथं एका कार्यालयात एका बाबूनं त्यांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पंख्याखाली खुर्ची दिली आणि म्हणाला, "असलेल्या झाडाचा दाखला मिळते. तोडलेल्या झाडाचा मिळते. नसलेल्या झाडाचा नाई मिळत."

"पन ते नाईच ना, साहेब!"

"कोनतं नाई? आंबा नाई का लिंब नाई? किती नाई? कोन्या गटात नाई? मले पंचनामा कराले जागेवर याव लागते, अन् जागेवर काईच नसलं तर पंचनामा कायचा करू? तुमी असं करा, आधी झाडं लावा. मंग परवानगी काढून तोडा. मंग मी तुमाले लगेच देतो, तोडल्याचा."

अर्जुनराव परत आले तेव्हा धम्मशीलानं पुण्याच्या फोनची बातमी दिली: परवा तपासणीला साहेब येताहेत. त्यांचं नाव शेखर, आणि ते झाडं मोजतात.

त्या दोन दिवसांत गावानं जे सल्ले दिले ते छापायचे तर बिलबुक पुरलं नसतं. रंगराव म्हणाले, नर्सरीतून भाड्यानं कुंड्या आणा, एक दिवसाचा प्रश्न आहे. पुंजाजीनं स्वतःची तुळस देऊ केली, पण ती घरी मोजून आहे म्हणून संध्याकाळी परत पाहिजे होती. फ्लेक्सवाला सगळ्यांत पुढचा. तो म्हणाला, मागच्या भिंतीवर वीस बाय दहाचं जंगल लावतो, वाघ पाहिजे असला तर वाघासगट, त्याच भावात. अन्नपूर्णाबाईंचं म्हणणं एवढंच, की काहीही करा, कूलर परत जाणार नाही.

"कोनाचं काई नको," अर्जुनराव म्हणाले. "मी खोटं छापलं नाई, खोटं दाखवनार बी नाई. शब्द देल्ला व्हता. पाटी उतरवतो."

"काका, प्रेरणाताईले काय सांगान?" धम्मशीलानं विचारलं. अर्जुनराव मशीन पुसत राहिले, स्वच्छ होती तरी.

ठरल्या दिवशी शेखर साहेब आले. डोक्याला टोपी, गळ्यात कॅमेरा, हातात टेप. सोबत अनुपमा, घाबरलेली. टपरीवर सगळं गाव हजर. अर्जुनराव इस्त्रीचा सदरा घालून शिडीशेजारी उभे होते.

"साहेब," ते म्हणाले, आणि शुद्ध बोलायचं विसरले. "तुमचा प्लांट आत हाये, तो मशीन हाये. प्रूफ म्हंजे आमचं छपाईचं प्रूफ. झाड माह्याजवळ एक बी नाई. पैसे चुकून आले, त्याचा कूलर झाला. मी लोकाइत बोललो व्हतो का असा पैसा आला तर पाटी उतरवीन. तं आता पाहा."

ते शिडीवर चढले. बोल्ट गंजले होते, तेल सोडून एकेक ढिला केला. शेवटचा निघताना त्यांचे डोळे भरले, पण धूळही होतीच, त्यामुळे निभावलं. खालून रंगरावांनी आणि पुंजाजीनं पत्रा झेलला. आणि सगळे वर पाहतच राहिले.

पाटीच्या मागं, भिंतीच्या भेगेतून, पिंपळ उगवला होता. चांगला मनगटाएवढा बुंधा. इतकी वर्षं पत्र्यामागं दबून तो आडवाच वाढला होता, मशिनीच्या पाण्याची ओल भिंतीतून पीत. पाटी निघाल्यावर त्याची फिकी पानं उन्हात सळसळली, जणू त्यालाच मोकळं वाटलं.

"हे काय?" शेखर साहेब म्हणाले.

"हे मी नाई लावलं!" अर्जुनराव शिडीवरून ओरडले. "देवाशपथ नाई लावलं, साहेब!"

"म्हणजे नैसर्गिकरीत्या उगवलेलं. फारच छान. मानवी हस्तक्षेप नाही." साहेबांनी फोटो काढायला सुरुवात केली. "जात देशी आहे. अनुपमा, तुम्ही जर्मन काय लिहिलं?"

"पन साहेब, चारशे टन! हे एवढंसं!"

"आज नाही हो. पिंपळ फार जगतो. हजार वर्षं धरू." साहेबांनी मोबाइलवर गणित केलं, कपाळाला आठी घातली, पुन्हा केलं. "बाराशे धरू. बसतंय."

"अन् बाराशे वर्षानं मोजाले कोन येईन?" रंगरावांनी विचारलं.

"तेव्हाची यंत्रणा," साहेब म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर कसलंही हसू नव्हतं.

अर्जुनराव खाली उतरले. झालं ते झालं, शब्द पाळला, खोटंही निघालं नाही. आता पाटी परत लावावी, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी पत्र्याला हात घातला तसा साहेबांनी अडवलं. झाडाच्या समोर काही लावता येणार नाही, ऊन अडतं. झाड काढताही येणार नाही. काढण्याचं कोणी मनातही आणलं नव्हतं. धम्मशीलानं चप्पल काढून हात जोडले होते आणि मागं दोन बाया प्रदक्षिणेला जागा आहे का ते बघत होत्या.

"साहेब, ते माह्या पोरीच्या नावाची पाटी हाये," अर्जुनराव म्हणाले. "तेवढी लावू द्या. ते तथी नसलं तं मले दुकान उघडाव वाटनार नाई."

शेखर साहेबांनी कागद काढला. "नियमच आहे, काका. बरं, झाडाची नोंद करतो. झाडाला नाव देतात आमच्याकडे. काय लिहू?"

अर्जुनरावांनी रोज शटर उघडताना बघत तसं वर पाहिलं.

महिन्याभरानं गावच्या जत्रेला प्रेरणा शेगावहून आली. एसटीतून उतरली, सवयीनं वर पाहिलं आणि गोंधळून टपरीपाशी गेली. "पुंजाजीकाका, आमचं ऑफसेट कुठी गेलं?"

"ते काय वर," पुंजाजी म्हणाला. "ऑफसेटले पानी टाकून राह्यले तुहे बाबा." गावात आता पिंपळालाच ऑफसेट म्हणत. बाया शनिवारी ऑफसेटला दिवा लावत.

प्रेरणानं पाहिलं. दुकानावर पाटी नव्हती. भिंतीतून पिंपळ निघाला होता, त्याखाली कंपनीची छोटी पट्टी होती आणि शिडीवर बाबा, हातात तांब्या. तिनं पट्टी वाचली. 'नाव: प्रेरणा. स्थिती: जिवंत, वाढ चांगली.' पुढं काय लिहिलं होतं ते तिला नीट दिसलं नाही.

मग तिनं डोळे पुसले आणि भिंतीतली भेग बघून म्हणाली, "बाबा, हे वाढलं तं दुकान पडते ना!"

"पडू दे. बाराशे वर्सं लागतीन त्याले."

"अन् तुमीच म्हनत होते ना, का हे सारं कागदावरच असते?"

अर्जुनरावांनी तांब्यातलं उरलेलं पाणी बुंध्याशी सावकाश ओतलं.

"कागदावरच असते, बाई," ते म्हणाले. "आपलं तेवढं भिंतीवर निघालं."